जमीन करणाराचे नाव

१९ नोव्हेंबर २०२५ ला बुधवार होता. मस्जिद बंदरच्या आमच्या ऑफिसात दुपारी डबा उघडायच्या आधी मी फोनवर पीएम किसानचं, म्हणजे केंद्र सरकार शेतकऱ्यांच्या खात्यात हप्त्याने पैसे टाकतं त्या योजनेचं, पान उघडलं. त्या दिवशी कोइम्बतूरहून एकविसावा हप्ता सुटणार होता. काकीचा नोंदणी क्रमांक मला आता पाठ झालाय, माझ्या स्वतःच्या बँकेच्या खात्याचा नंबर नाही तेवढा. क्रमांक टाकला, ओटीपी टाकला. अर्ज तालुका स्तरावर प्रलंबित.

संध्याकाळी भांडुपला उतरल्यावर स्टेशनच्या पुलावरूनच काकीला फोन लावला.

"आले काय गो बाय?"

"नाही काकी. अजून तहसीललाच आहे."

"बरं. जेवलीस काय?"

संध्याकाळी सात वाजता कुणी जेवत नाही हे तिलाही माहीत आहे. पैशांचं बोलणं लांबवायचं नसलं की ती असं विचारते. मग तिने सांगितलं की भात झोडून झालं, पेंढा रचला, वरच्या कोपऱ्यात रानडुकरं घुसली होती म्हणून तिथलं निम्मंच हाती लागलं. फोन ठेवल्यावर मी पुलावर तशीच उभी राहिले. दोन हजार रुपयांसाठी चार वर्षं चाललेलं हे सगळं एकदा लिहून काढायचं, असं त्या पुलावर ठरवलं.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात. तिन्ही गट मिळून जमीन १ हेक्टर १२ आर, म्हणजे पावणेतीन एकरांच्या आसपास. त्यातली भाताची खाचरं एकराहून थोडी जास्त, बाकी वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन. वरकसावर पूर्वी नाचणी आणि वरी व्हायची. १९९२ साली काकांनी रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून तिथे काजू लावले, वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७. त्या योजनेचे पैसे तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळायचे आणि किती रोपं जगली ते बघून मिळायचे. काकी उन्हाळ्यात डोक्यावरून पाण्याच्या कळशा वाहून ती रोपं जगवायची. आज त्याच काजूच्या बियांवर घराचा वर्षाचा किराणा निघतो. सरकारचा पैसा शेतात मुरला आणि उगवून वर आला, असं मी डोळ्यांनी पाहिलेलं हे एक उदाहरण. म्हणून अनुदान म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही.

काका जून २०२१ मध्ये गेले. काकी आज ६८ वर्षांची आहे. तिचा एक मुलगा नालासोपाऱ्यात टेम्पो चालवतो, दुसरा चाकणला कंपनीत आहे, मुलगी लग्न होऊन चिपळूणकडे. घरात काकी, एक गाय आणि पाच-सहा कोंबड्या. राब भाजणं, पेरणी, लावणी, बेणणी, कापणी सगळं तिच्यावर. नांगरटीला पॉवर टिलर तासावर सांगते, लावणीला वाडीतल्या बायका बोलावते. गेल्या लावणीला बाईमाणसाला दिवसाला ४०० रुपये आणि दोन वेळचं जेवण द्यावं लागलं. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. दोन हजार रुपयांत सगळं भागत नाही, पण लावणीच्या पाच मजुरांचा एक दिवस निघतो. पावसाने ओढ दिली आणि दोन दिवसांत सगळी लावणी उरकायची झाली, तर तो एक दिवसच कामाचा असतो.

केंद्राची पीएम किसान योजना फेब्रुवारी २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेला पहिला हप्ता सुटला. वर्षाला ६००० रुपये, दर चार महिन्यांनी २०००. सुरुवातीला दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांनाच होती, जूनपासून ती अट गेली. मग २०२३ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात नमो शेतकरी महासन्मान निधी आला. त्याचेही वर्षाला ६०००, आणि केंद्राच्या यादीत नाव असेल त्यालाच. म्हणजे एका यादीतून नाव सुटलं की दोन्हीकडचे मिळून वर्षाचे १२००० सुटले. काकीला लाडकी बहीणचे पैसेही नाहीत, कारण तिथे वयाची मर्यादा ६५. तेव्हा तिच्यासाठी जे काही आहे ते हेच.

आता सातबारा.

आजोबा १९९४ साली वारले तेव्हा त्यांच्या पाच मुलांची नावं लागली: माझे बाबा, काका, धाकटे काका आणि दोन आत्या. बाबा २०१६ मध्ये गेले, त्यांच्या जागी आई, माझा भाऊ आणि मी अशी तीन नावं आली. मोठी आत्या कोविडच्या आधी वारली, तिच्या मुलांची नावं लागायची राहिली. काकांचंही नाव तसंच राहिलं. एप्रिल २०२५ पर्यंत आमच्या सातबाऱ्यावर सात नावं होती. त्यांतली दोन माणसं हयात नव्हती आणि उरलेली पाचही मुंबईत. गावात राहून ती जमीन करणारी एकच बाई होती, आणि तिचं नाव त्यात नव्हतं.

हे आमच्याच घरचं नाही. आमच्या वाडीत एका घराच्या सातबाऱ्यावर ४३ नावं आहेत. लालबाग, परळ, काळाचौकी, भांडुप, विरार, डोंबिवली, एक जण सुरतला. चार पिढ्या कुणी वाटप केलं नाही, मेलेल्यांची नावं उतरवली नाहीत. कोकणातल्या गावाचे कागद मुंबईत असतात. आमचे तर अक्षरशः. काळाचौकीला आईच्या खोलीत खाटेखाली एक पत्र्याची ट्रंक आहे. बाबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ते गावी गेले, दोन पावसाळे त्यांनी काकांबरोबर शेत केलं, आणि परत येताना घरातली कागदांची पिशवी घेऊन आले. गावचं घर गळकं होतं, कागद भिजतील म्हणून. तेव्हापासून ते सगळं या ट्रंकेत.

२०१९ मध्ये तलाठी कार्यालयात याद्या झाल्या तेव्हा सातबाऱ्यावरच्या प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्रपणे हप्ता मिळू शकतो असा नियम होता. काकांनी अर्ज भरला. गावातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून माझ्या भावानेही स्वयंघोषणापत्र भरून पाठवलं. भाऊ आयकर भरतो. आयकर भरणाऱ्याला ही योजना नाही हे त्या कागदावरच छापलेलं होतं, त्याने नीट वाचलं नाही. त्याचा आधार, बँक, मोबाईल सगळं एकमेकांना जोडलेलं, त्यामुळे त्याच्या खात्यात तीन हप्ते विनाअडथळा आले. ज्याने आयुष्यात एकदाही चिखलात पाय घातला नाही त्याला सहा हजार मिळाले. पुढे तहसीलची नोटीस आली आणि त्याने ते सगळे परत भरले. त्याला त्याची लाज वाटते, आणि त्याच्या परवानगीनेच मी हे लिहिते आहे.

काकीला आलेल्या नोटिशीचं मात्र मला आजही वाईट वाटतं. काका जूनमध्ये गेले. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद झाली, दाखला मिळाला. पण पीएम किसानच्या यादीला ते कुणी कळवलं नाही. ९ ऑगस्ट २०२१ चा हप्ता काकांच्या खात्यात पडला, १ जानेवारी २०२२ चाही पडला. काकीला ते माहीतही नव्हतं, पासबुक तिने उघडलं नव्हतं. मग नोटीस: मयत लाभार्थ्याच्या खात्यात जमा झालेले ४००० रुपये शासनास परत करावेत. काकांचं खातं वारसाचे कागद झाल्याशिवाय बँक उघडू देईना. काकीने काजूच्या बी विकून आलेल्या पैशांतून चार हजार भरले. मला दोन महिन्यांनी, गणपतीला गावी गेले तेव्हा कळलं.

"मला फोन का नाही केलास?"

"तुला कशाला तरास. सरकारचे हुते ते, दिले."

नियमाच्या दृष्टीने पैसे परत मागणं बरोबर होतं, त्यावर माझा वाद नाही. पण ज्या कागदाने मेलेल्या माणसाला ओळखलं आणि त्याच्या नावाने पैसे पाठवले, त्याच कागदाला त्याच्या शेजारी तीस वर्षं वाफ्यात उभी असलेली बाई दिसली नाही. हप्ता बंद झाला तो झालाच. तिला तो नव्याने मिळण्यासाठी आधी तिचं नाव सातबाऱ्यावर हवं होतं.

इथे आमची चूक मला स्पष्ट लिहायला हवी. वारसनोंद ही कोर्टकचेरीची गोष्ट नाही. मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती आणि शपथपत्र, सातबारा, आठ-अ म्हणजे खात्याचा उतारा, एवढं घेऊन अर्ज करायचा. ई-हक्क पोर्टलवरून घरबसल्याही करता येतो. तलाठी फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, घालतो, संबंधितांना नोटीस जाते, पंधरा दिवसांत कुणी हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो. फी नाही. तरी आम्ही चार वर्षं केलं नाही. काकीच्या मुलांना वाटत होतं की कागद मुंबईच्या ट्रंकेत आहेत तर ताई बघेल. मला वाटत होतं की वारस तिची मुलं आहेत तर ती बघतील. काकी कुणालाच काही म्हणाली नाही. एकदाच, ओटीवर बसून तांदूळ पाखडताना बोलली, "कागद सगळे मुंबैस. मी त्यांना काय दाखवू?"

ते वाक्य घेऊन मी मुंबईला आले आणि एका रविवारी आईकडे जाऊन ट्रंक उघडली.

ट्रंकेत सगळ्यात वर रेशन कार्डं, खाली बाबांच्या गिरणीचे पगाराचे कागद, त्याखाली एका कापडात गुंडाळलेलं जमिनीचं दप्तर. त्यात पणजोबांच्या नावाचं ३२म चं प्रमाणपत्र होतं. आमची जमीन मुळात खोताची, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराची, आणि पणजोबा ती कसणारे कूळ. कोकणातली खोती १९४९ च्या कायद्याने गेली, आणि कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून कसणाऱ्या कुळाला मालक मानलं. किंमत ठरवून ती हप्त्यांनी भरली की हे प्रमाणपत्र मिळायचं. त्याच्याही आधी, १० जानेवारी १९३८ ला, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली कोकणातले हजारो शेतकरी खोती रद्द करा म्हणत मुंबईच्या कौन्सिल हॉलवर मोर्चाने आले होते. रीगल सिनेमासमोरच्या त्या इमारतीत आज पोलीस महासंचालकांचं कार्यालय आहे. मी तिथून शेकडो वेळा गेले असेन. ते प्रमाणपत्र हातात धरून बसले तेव्हा पहिल्यांदा ती इमारत मला आमच्या वाडीशी जोडलेली दिसली.

त्याच दप्तरात हाताने लिहिलेले जुने सातबारे होते. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, एका पानावर. सातमध्ये जमीन कुणाची, बारामध्ये पीक काय. त्या जुन्या कागदांवर बाराच्या बाजूला वर्ष, हंगाम, पिकाखालचं क्षेत्र या रकान्यांबरोबर आणखी दोन रकाने आहेत. एकाचं शीर्षक 'रीत'. दुसऱ्याचं 'जमीन करणाराचे नाव'.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग फोनवर आमचा आजचा, डिजिटल सहीचा सातबारा उघडला आणि दोन्ही शेजारी ठेवले. आजच्या बारामध्ये खातं क्रमांक आहे, हंगाम आहे, पिकाचं नाव आहे, जलसिंचित-अजलसिंचित आहे, शेरा आहे. जमीन करणाराचं नाव नाही.

मी हिशेबाचं काम करते. पंचवीस वर्षं वह्या आणि मग संगणकावरची खाती. एखाद्या वहीतला एक रकाना काढला तर काय होतं हे मला कळतं. तो आकडा नुसता दिसेनासा होत नाही, पुढे कुणी तो विचारतही नाही. ई-पीक पाहणीत तुम्ही शेतात उभं राहून भाताचा फोटो काढता, तो खातेदाराच्या नावाने चढतो. भात दिसतं. ते लावणारी बाई त्या फोटोत असली तरी नोंदीत नसते. पीएम किसान सातकडे बघतं, बाराकडे नाही. मालक कोण एवढंच विचारतं. दुसऱ्याची जमीन खंडाने करणाऱ्याला तर त्यात जागाच नाही.

त्या रकान्याची भीती होती हेही मला माहीत आहे. करणाराचं नाव लागलं की उद्या कूळ लागेल, जमीन हातची जाईल, ही धास्ती कोकणात अजून आहे. म्हणून कित्येक चाकरमानी जमीन पड ठेवतात पण शेजाऱ्याला लेखी करायला देत नाहीत. माझी आईही त्याच धास्तीची. ट्रंक उघडी असताना तिने विचारलं, "नाव लावायचं म्हणजे सगळं तिच्या नावावर करायचं का?" मी तिला समजावलं की काकी फक्त काकांच्या हिश्श्याला वारस लागणार, आपला हिस्सा आहे तिथेच राहणार. आई थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "तुझ्या बाबांनी गिरणीच्या पगारातून दर महिन्याला मनीऑर्डर पाठवलीय त्या घराला. ही खोली उद्या बिल्डरने घेतली तर मला जायला जागा हवी." ती चुकीचं बोलत नव्हती. मुंबईत चाळीत राहणाऱ्या माणसाला गावचा सातबारा म्हणजे पाठीमागची भिंत असते. भीती काकीची नव्हती, मुंबईची होती.

आणि मोठ्या आत्याची आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही. आजोबा गेल्यावर दोन्ही आत्यांनी हक्कसोड करून द्यावं असं घरात ठरलं होतं. बहिणीने भावांना हक्क सोडून द्यायचा, ही रीत. मोठी आत्या म्हणाली, मी सही करणार नाही. तीन वर्षं तिने राखी बांधली नाही आणि तीन वर्षं ती आमच्याकडे आली नाही. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला आत्याचाच राग आला होता, थोडीशी जमीन ती काय आणि त्यासाठी एवढं. आज मला वाटतं तिने बरोबर केलं. बाईचं नाव कागदावरून एकदा उतरलं की ते परत चढत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नव्वदीच्या आसपास लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली, नवऱ्यांनी स्वखुशीने जमीन बायकांच्या नावावर केली, आणि त्यातून पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायची सरकारी योजनाही आली. काका जिवंत असताना आमच्या घरात हे कुणाला सुचलं असतं, तर पुढची चार वर्षं वाचली असती.

१ एप्रिल २०२५ पासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली. मयत खातेदारांची नावं कमी करून वारस लावायचे, गावात चावडी वाचन करायचं, १० मेपर्यंत काम संपवायचं. मी चार दिवस रजा टाकली. दिव्याहून सुटणाऱ्या रत्नागिरी पॅसेंजरमध्ये मांडीवर ते कापडी दप्तर घेऊन बसले, शेजारी नालासोपाऱ्याचा चुलतभाऊ. चावडी वाचनाला आमच्या वाडीतली तीसेक माणसं होती, बहुतेक म्हाताऱ्या बाया. एकेका खात्याची नावं वाचली जात होती आणि कोणी हयात नाही ते लोक सांगत होते. "वारले." "वारले." "ती पण गेली." काकांचं नाव आलं तेव्हा काकी उठून उभी राहिली. खरं तर उठायची गरज नव्हती.

तलाठी, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते पंचविशीतले होते. त्यांच्याकडे पाच गावं. त्यांनी आमचे कागद नीट पाहिले, एका शपथपत्रावर नाव आणि आधारवरचं नाव यांत वेलांटीचा फरक निघाला, तो दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून दिला. जूनमध्ये फेरफार मंजूर झाला. सातबारा डाउनलोड केला आणि काकीला व्हिडिओ कॉलवर तिचं नाव दाखवलं. तिला अक्षरं लावून वाचता येतं. तिने दोनदा वाचलं. मग म्हणाली, "ह्यांचं नाव कंस केलाय." फेरफार झाला की जुन्या नावाला कंस पडतो. मी फक्त तिचं आलेलं नाव बघत होते.

२७ ऑगस्टला गणपती होते, तेव्हा पुढचं काम घेतलं. आधी शेतकरी ओळख क्रमांक, कारण आता कुठल्याही कृषी योजनेला तो लागतो. सेवा केंद्रात काकीचा अंगठा उठेना. यंत्रावर पाच वेळा दाबला, बोटं बदलली, कापसाने पुसली, खोबरेल लावून पाहिलं. लावणी नुकतीच संपलेली, पन्नास वर्षांच्या चिखलाने आणि विळ्याने बोटांवरच्या रेषा गुळगुळीत झालेल्या. आधारला जोडलेला मोबाईल काकांचा, तो बंद, त्यामुळे ओटीपीही नाही. आधी आधार केंद्रावर जाऊन माझ्या चुलतभावाचा नंबर जोडला, तिथे एक दिवस गेला. नंतर ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, मी माझ्याच फोनवर केली, पीएम किसानच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून. काकी अंगणात तुळशीसमोर उजेडात उभी राहिली. ॲप म्हणतं डोळे मिटा-उघडा. तिने मिटले, उघडले, आणि हिरवी खूण आली. बोटांनी नाकारलेली ओळख चेहऱ्याने दिली, त्याबद्दल ज्यांनी ती सोय केली त्यांचे मी मनापासून आभार मानते.

बँकेचं त्यामानाने लवकर आटपलं. तिची दोन खाती निघाली, एक जनधनचं आणि एक बचत गटासाठी काढलेलं, आणि आधार भलत्याच खात्याला जोडलेला. थेट हस्तांतराचे पैसे ज्या खात्याला आधार शेवटचा जोडला त्यातच जातात, म्हणून ते एका अर्जाने बदलून घेतलं.

मग नव्याने नोंदणी. १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेली जमीन या योजनेत धरत नाहीत, पण वारसाने आलेली धरतात, त्यामुळे काकांचा जुना फेरफार आणि काकीचा नवा, दोन्ही जोडले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज गेला. तेव्हापासून तो तालुक्याला आहे. मी दोनदा फोन केला. ज्या बाईंनी उचलला त्या सौजन्याने बोलल्या, मोहिमेनंतर वारसांचे अर्ज एकदम वाढलेत म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दमणूक होती, टाळाटाळ नव्हती.

मुंबईत राहणाऱ्या आणि गावच्या सातबाऱ्यावर नाव असलेल्या माझ्यासारख्यांना मी हे सांगते आहे. आज रात्री तुमचा गट नंबर टाकून सातबारा उघडा आणि प्रत्येक नावापुढे विचारा, हा माणूस आहे का. नसेल तर त्याच्या मागे कोण आहे, आणि त्यातलं कोण गावात राहून खरंच शेत करतं. त्या माणसाचं नाव लागलेलं नसेल तर अडलेला कागद बहुतेक तुमच्याच कपाटात असतो. आणि तुम्ही आयकर भरत असाल तर हप्त्यासाठी अर्ज करू नका, तो पैसा तुमचा नाही. सरकारला माझं मागणं एकच आहे. बाराच्या पानावर तो रकाना परत आणा. मालकी बदलू नका, कूळ लावू नका, हवं तर तसं कायद्यात स्पष्ट लिहा. पण चिखलात कोण उभं आहे ते नाव एका ठिकाणी लिहिलेलं असू द्या, आणि पैसे पाठवताना त्या नावाकडे बघा.

मोठ्या आत्याच्या मुलांची नावं अजून लागायची आहेत. दोघं डोंबिवलीला असतात. परवा त्यांच्याकडे जाऊन आधारच्या प्रती आणि आत्याच्या मृत्यूचा दाखला घेऊन आले. धाकटा म्हणाला, आम्हाला काही नको, हक्कसोड लिहून देतो. मी म्हटलं, आधी आईच्या जागी नाव तर लागू दे, मग सोडायचं की ठेवायचं ते निवांत ठरव. शिमग्याला गावी जायचंय, तेव्हा तो अर्ज देईन. दप्तर या वेळी काकीकडेच ठेवून येणार आहे. गेल्या उन्हाळ्यात तिने माजघरावरचे नळे काढून पत्रे घातलेत, आता तिथे गळत नाही.